हद्दीत राहा

परवा पुन्हा दोन तरुण मुलं दारात उभी राहिली. पनवेलचा वेगळा जिल्हा व्हायला हवा, अलिबागचे हेलपाटे किती वर्षं मारायचे, तुम्ही इथल्या जुन्या शिक्षिका, तुमची सही हवी. मी त्यांना पाणी दिलं आणि एकच विचारलं, "हद्द कुठून जाणार?" त्यातला उंच होता तो म्हणाला, "आजी, ते नंतर ठरेल हो. आधी रहिवाशांचा फायदा बघा ना." माझं डोकं असं फिरलं की चहा विचारायचंही राहून गेलं. रहिवाशांचा फायदा होतो, का नाही होणार? रहिवासी कोणाला म्हणायचं हे एकदा आपल्या सोयीने ठरवून टाकलं की फायदा होतोच. मुलांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. पण हे ‘नंतर ठरेल’ मी एकदा भोगलेलं आहे, आणि ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव म्हणजे पनवेलच्या परसातच म्हणा ना. मध्ये भाताची खाचरं आणि एक ओहोळ. उन्हाळ्यात तर तो एका उडीत पार व्हायचा. अलीकडे आम्ही आगरी, मीठ पिकवणारे आणि खाऱ्या जमिनीत भात लावणारे. पलीकडे बाजारपेठ, तलाव, देवळं, मशिदी, वकिलांची आणि व्यापाऱ्यांची घरं, आणि बैलगाडीची चाकं करणारे कारखाने. चाकावर लोखंडी धाव ठोकायला घेतली की तो ठणठणाट आमच्या ओटीवर ऐकू यायचा. कर्नाळा किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दोन्हीकडून सारखाच दिसायचा. आमच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन सकाळी पनवेलात शिरायच्या, आणि पनवेलातल्या एकाही घरात आमच्या मिठावाचून आमटीला चव नव्हती. कुठे लग्नाला गेलो आणि कोणी विचारलं, "कुठली गं तुम्ही?" तर आम्ही "पनवेलची" असंच सांगायचो. त्यात काही खोटं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

गावातली शाळा एका खोलीची, चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर पनवेलात मुलींची शाळा होती. आमच्या गावातून तिथे दोघीच गेलो. एक मी आणि दुसरी माझी मैत्रीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. तिचे वडील आणि माझे वडील एकाच मिठागरावर कामाला. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे होती. मी बोटं मोजत बसायचे तोवर तिचं उत्तर पाटीवर आलेलं असायचं. आमच्या वर्गाच्या बाई आम्हाला म्हणाल्या होत्या, "सातवीची फायनल पास व्हा दोघी. मास्तरणी व्हाल." तेव्हा सातवी झाली की शाळेत नोकरी मिळायची. मास्तरीण! डोक्यावर मिठाची पाटी नाही, उन्हात भेगाळलेले पाय नाहीत. ओहोळावरून घरी येताना आम्ही दोघी एकमेकींना ‘अहो बाई’ म्हणायचो आणि हसत सुटायचो.

आता पनवेलकरांची बाजूही सांगते, कारण ती खरी होती. शाळेचा सगळा कारभार जिल्ह्याच्या गावाहून, अलिबागहून चालायचा. आमच्या शाळेचं छप्पर गळायचं. दोन कौलं बदलायची तरी अलिबागची मंजुरी लागायची. अलिबागला जायचं म्हणजे एस्टीने पेण, पुढे धरमतरची खाडी, होडीने पलीकडे, मग पुन्हा गाडी. एवढं करून पोचलं तर साहेब फिरतीवर. मंजुरी यायची ती पावसाळा संपल्यावर. आम्ही वर्गात दप्तर डोक्यावर धरून पाढे म्हटलेत. तेव्हा शहरातली मंडळी चिडली ती काही उगाच नाही. त्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, आणि शेवटी शहराच्या शाळा अलिबागपासून वेगळ्या काढून शहराच्याच हाती द्यायचं ठरलं. मोठी सभा झाली. आम्हा मुलींना पांढऱ्या परकरात उभं करून गाणं म्हणायला लावलं होतं. ‘आपलं गाव, आपली शाळा, आपला कारभार आपल्या हाती.’ मी आणि माझी मैत्रीण पहिल्या रांगेत. आम्ही घसा फोडून गायलो. ‘आपलं’ या शब्दात आपण आहोत की नाही, असा प्रश्न कोणाला पडतो? मराठीत तो शब्द आहेच त्यासाठी. दुसऱ्याला बाहेर ठेवायचं असेल तर ‘आमचं’ म्हणतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या गावात कारकून आला. शहराची नवी हद्द आखायची होती आणि आजूबाजूच्या गावांना विचारायचं होतं की तुम्ही आत येता का. मारुतीच्या देवळासमोर सगळं गाव जमलं. कारकून कोट घालून आलेला, घामाघूम, त्याला पुढे आणखी कुठे तरी जायचं होतं. तो बसलाही नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "तुम्ही हद्दीत राहणार की नाही, एवढंच सांगा."

हे वाक्य कचेरीत बसणाऱ्याला साधं वाटेल. पण आमच्याकडे गावाच्या कडेला शीव म्हणत आणि खाचराच्या कडेला बांध. गावाला हद्द नसायची, हद्द माणसाला असायची. ‘हद्दीत राहा’ हे आम्ही फक्त भांडणात ऐकलेलं, तेही समोरच्याचा गळा धरायच्या जरा आधी. गावचे म्हातारे पंच, ज्यांच्यापुढे पोलीसपाटीलही हळू बोलायचा, ते काठी आपटत उठले.

"आमचे गावान येवून आमालाच हद्दीत ऱ्हावाला सांगतंस? तू कोनाचा कोन रं?"

कारकुनाला काही कळेना. समजावून सांगायचं सोडून त्यानेही आवाज चढवला. "अहो, राहायचं नसेल तर नका राहू! माझी काही जबरदस्ती नाही. राहिलात तर घरपट्टी पडेल, दारात मासळी वाळत घालता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

झालं. आगीत तेल. घरात राहायची पट्टी, आणि मासळी काय मग डोक्यावर वाळवायची? माणसं उठून उभी राहिली. माझे वडील कधी चारचौघांत न बोलणारे. त्या दिवशी त्यांनाही चेव आला. "आमी नाय ऱ्हायाचे हद्दीत! लिव तसा!" सगळ्यांनी ओरडून साथ दिली. कारकुनाने तसं लिहून घेतलं आणि शिपायाला घेऊन तो निघाला. शाळेबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. तो मूर्ख होता की बेरकी, हे मला आजही ठरवता येत नाही. एखादं गाव नको असेल तर त्याला कसं विचारावं, हे काही लोकांना बरोबर ठाऊक असतं.

बायका मागे उभ्या होत्या. त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. माझी आई मात्र पुढच्या माणसांच्या खांद्यांवरून म्हणाली, "आन पोरींचे शालंचा काय?"

"शाला कुठं पलून चाललेय?" वडील म्हणाले, आणि गाव हसलं.

शाळा पळाली नाही. ती जिथल्या तिथेच राहिली.

पुढे ओहोळाच्या पलीकडच्या काठावर हद्दीची खूण म्हणून चुना फासलेला एक दगड येऊन बसला. आम्ही दोघी येता-जाता त्याच्यावर बसून पायातला चिखल झाडायचो. जूनमध्ये सातवीचा वर्ग सुरू झाला. छपरावर नवी कौलं चढलेली, भिंतींना रंग, बाहेर पाऊस धो धो आणि आत थेंब नाही. आम्हाला इतका आनंद झाला की काय सांगू. आपलं राज्य आलं होतं ना! दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना उभं केलं. बोलताना त्या फळ्याकडे बघत होत्या. "तुमचं गाव हद्दीबाहेर आहे. वरून सांगून आलंय, तुमची नावं इथून कमी झाली. तुम्ही तुमच्या गावच्या शाळेत जा."

माझी मैत्रीण म्हणाली, "बाई, आमचे शालंत चौथीच हाय."

"मला माहीत आहे गं," बाई म्हणाल्या.

वर्गात तांदळाच्या गिरणीवाल्या शेठची मुलगी होती. त्याची गिरणी आमच्याच बाजूला, दगडाच्या अलीकडे. मालाला जकात नको म्हणून गिरणी हद्दीबाहेर, मुलीला शाळा हवी म्हणून घर हद्दीत. तिला कोणी उभं केलं नाही. हद्द झाली, म्हणतात ना, ती ही. त्या दिवशी दगडावर आम्ही बसलो नाही. मैत्रिणीने त्याच्यावर लाथ मारली आणि स्वतःचंच बोट सुजवून घेतलं.

वडिलांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते धुतलेला सदरा घालून पनवेलात गेले. "चुकी झाली. आमाला घ्या हद्दीत." तिथे सांगण्यात आलं, तुमचं गाव अलिबागकडे, अलिबागचा हुकूम आणा. म्हणजे ज्या अलिबागच्या नावाने पनवेलने एवढी बोंब मारली, त्याच अलिबागला आता आम्ही जायचं! मिठागरावरच्या कामाचा खाडा करून वडील मला घेऊन निघाले. एस्टी, होडी, पुन्हा गाडी. अलिबागच्या कचेरीत दिवसभर पायऱ्यांवर बसलो. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एका साहेबाने मान वर केली. "पनवेल? पनवेलने स्वतःचं वेगळं केलंय ना? मग पनवेललाच विचारा." आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ती गत. इतके दिवस अलिबागच्या सासुरवासाने रडणारं पनवेल, घर हाती येताच स्वतः सासू होऊन बसलं होतं, आणि अलिबागने कानावर हात ठेवले होते.

परतताना होडीत वडील माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "हद म्हंजे शीवच काय गं?"

"हां. शीवच."

"मंग शीव बोलाचा ना त्यानं. शीव बोलला असता तं..."

मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला. "तुमी इचाराचा व्हता ना, बाबा! आय बोलत व्हती तवा सगले हसलंव!" होडीतली माणसं वळून बघायला लागली. गावातल्या बाप्यांच्या मानाला ठेच लागली की सगळं गाव उठून उभं राहतं, पोरींच्या शाळेचं निघालं की हसतं. कारकून परका होता. हे तर आमचेच होते.

वाट काढली ती आईने. पनवेलातल्या एका वकिलांच्या मागच्या दाराला ती भाजी आणि मीठ घालायची. तिने वकिलीणकाकूंना विचारलं, माझी पोर तुमच्याकडे राहील, वरकाम करील, तिला शाळेपुरती तुमच्या घरची म्हणा. काकूंना बाई हवीच होती. घर हद्दीत, म्हणजे मी हद्दीत. माझं नाव पुन्हा शाळेत चढलं. काकूंना एकच मुलगी हवी होती. माझ्या मैत्रिणीच्या आईने दोन-तीन घरी विचारून पाहिलं, कुठे जमलं नाही, आणि पावसाळा संपल्यावर मीठ धरायचे दिवस आले तशी तिच्या डोक्यावर पाटी आली. शाळेत आमच्या बाकावर दुसरी मुलगी येऊन बसली.

काकू वाईट नव्हत्या. अभ्यासाला कंदील द्यायच्या. मी घासलेल्या भांड्यांवर पुन्हा एकदा स्वतः पाणी फिरवायच्या, तेवढं सोडलं तर काही बोलायच्या नाहीत. मला वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्यांच्या परसातून खाचरं दिसायची, खाचरांपलीकडे आमचं घर. संध्याकाळी आमच्या चुलीचा धूर दिसायचा. आई कधी चूल पेटवते, मला कळायचं. हाक मारली असती तर पोचली असती. आणि मी इथे परक्याची पातेली राखेने घासत होते, कशासाठी, तर मी पनवेलची आहे हे सिद्ध करायला!

हे वकीलसाहेब म्हणजे त्या सभेत ‘आपला कारभार’ म्हणून गर्जलेल्यांपैकीच एक. एकदा संध्याकाळी ओटीवर त्यांची मित्रमंडळी जमली होती. विषय तोच. वेगळं निघून फायदा झाला का? एक जण म्हणाला, आमची शाळा आता बघण्यासारखी झालीय. दुसरा म्हणाला, आमच्या शिक्षकांची बदली आता आम्हाला विचारल्याशिवाय होत नाही. मी मागे भांडी घासत ऐकत होते. गाण्यातलं ‘आपलं’ कधी ‘आमचं’ झालं, त्यांनाही कळलं नसेल. तेवढ्यात साहेबांनी मला हाक मारली. हात पुसायलाही वेळ दिला नाही. मी राखेचे हात घेऊन ओटीच्या पायरीशी उभी राहिले.

"ही बघा," साहेब म्हणाले. "हद्दीबाहेरच्या आगऱ्याची पोर. आज आपल्या शाळेत सातवीला आहे. आणखी काय फायदा पाहिजे?"

मंडळींनी माना डोलावल्या. एकाने विचारलं, "काय गं, आवडते ना शाळा?" मी मान हलवली. काय करणार होते? तोंड उघडलं असतं तर रात्रीच्या आत माझं बोचकं दगडापलीकडे गेलं असतं. पण मनात आलं होतं, ते राखेचे दोन्ही हात त्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर नीट पुसावेत. आजही तो प्रसंग आठवला की हात शिवशिवतात. मी त्यांच्या फायद्याचा पुरावा होते. मिठागरावर गेलेली माझी मैत्रीण कशाचा पुरावा होती, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

मी फायनल पास झाले. मास्तरीण झाले. काही वर्षं लांबच्या गावांत काढली आणि साठच्या दशकात त्याच शाळेत, पनवेलच्या मुलींच्या शाळेत, बाई म्हणून आले. तोवर शहर फुगलं होतं. नवी घरं बांधायला जागा हवी होती, आणि जागा आमच्याकडे होती. मग हद्द ओहोळ ओलांडून आली आणि आमच्या गावाला पोटात घेऊन पुढे गेली. या वेळी कारकून आला नाही, देवळासमोर कोणी जमलं नाही, राहणार का म्हणून कोणी विचारलं नाही. आम्हाला शाळा हवी होती तेव्हा आम्ही बाहेरचे. त्यांना जमीन हवी झाली तेव्हा आम्ही आतले. घरपट्टी पडली, वाळत घातलेल्या मासळीवरून कटकटी सुरू झाल्या. वडील तेव्हा थकले होते. ते म्हणाले, "बरा झाला, आता पोरांची शाला तरी झाली." मी त्यांच्याशी भांडायचं कधीच सोडून दिलं होतं. तो चुन्याचा दगड कोणीतरी धुणं धुवायला उचलून नेला.

त्या जूनमध्ये मी पाचवीच्या वर्गावर होते. दारात कोणी तरी आल्याचं वाटलं म्हणून बघितलं. माझी मैत्रीण. लग्न गावातल्या गावातच झालेलं, मिठागर सुटलेलं नव्हतं. आम्ही अधूनमधून रस्त्यात भेटायचो, पण या शाळेच्या दारात ती इतक्या वर्षांनी प्रथमच आली होती. सोबत तिची मुलगी, तेलाने चापूनचोपून वेणी घातलेली. मी पुढे गेले तशी ती उंबऱ्यापासून मागेच सरकली.

"बाई," ती म्हणाली, "आमी आता हद्दीत हाव ना?"

ओहोळावर हसत हसत मारलेली ती हाक. आता त्यात थट्टा नव्हती. ती मला खरोखरच बाई म्हणत होती.

"अगं, वेडी का तू? आत ये," मी म्हणाले.

"नको. पाय मिठाचे हायेत. वर्ग खराब व्हायचा."

आमचा बाक तिथून दिसत होता. दुसऱ्या रांगेतला, खिडकीजवळचा. तिने तिकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने मुलीला खांद्याला धरून माझ्याकडे ढकललं, तिचा परकर नीट केला, आणि अगदी गंभीरपणे, कोणी मोठं वरदान द्यावं तशी, तिला सांगितलं, "बाई सांगतील तसा ऐक. आन हद्दीत ऱ्हा गो. हद्दीभाईर जाव नको."

मुलीने मान हलवली.